घर भाड्याने द्या, पण पाण्याची गोष्ट सांगून द्या

आपल्या समाजातील व्यापारी वर्गात गेल्या काही वर्षांत एक जोडधंदा चांगला रुजला आहे. दुकान, कारखाना, भंगार किंवा फर्निचरच्या व्यवसायात चार पैसे शिल्लक पडले की लोणावळा, कर्जत, पाचगणी, अलिबाग या भागात एखादा बंगला घ्यायचा आणि तो सुट्टीसाठी येणाऱ्यांना एक-दोन दिवसांच्या भाड्याने द्यायचा. कोकणात आखाती देशांत वीस-वीस वर्षे नोकरी करून परतलेले बांधवही गावच्या वाडीत अशीच घरे बांधत आहेत. काही जण वर्षभराच्या करारावर बंगला देतात. या सर्व घरांत गिऱ्हाईक सर्वांत आधी एकच गोष्ट विचारते, ती म्हणजे, "स्विमिंग पूल आहे का?"

हा प्रश्न वाढण्यामागे कारण आहे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात पुण्याहून आलेल्या एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले आणि मरण पावले. त्यांत लहान मुले होती. अशा घटना ऐकल्या की आईबाप म्हणतात, धबधबा नको, धरण नको, चार भिंतींच्या आतला पूल बरा. हा विचार चुकीचा नाही, पण अर्धाच बरोबर आहे. चार भिंतींच्या आतले पाणीही पाणीच असते. तीन वर्षांच्या मुलाला बुडायला धरण लागत नाही, कमरेइतके पाणीसुद्धा लागत नाही.

प्रश्न असा आहे की घरमालक म्हणून आपण गिऱ्हाइकाला काय सांगतो? किल्ली देताना आपण गिझर कसा लावायचा ते दाखवतो. लाइट गेली तर इन्व्हर्टर कुठे आहे ते सांगतो. गॅसची टाकी, वायफायचा पासवर्ड, कचरा कुठे टाकायचा, सगळे सांगतो. पुलाजवळ आल्यावर मात्र "हा पूल, मजा करा" एवढेच बोलतो आणि पुढे निघतो. सर्वांत जास्त धोका ज्या वस्तूत आहे, तिच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. ही रीत बदलली पाहिजे, आणि ती बदलण्याची पहिली जबाबदारी भाडे घेणाऱ्याची आहे.

जीभ का अडखळते?

घरमालकांशी बोलले की तीन कारणे पुढे येतात. पहिले कारण, धोक्याची गोष्ट काढली तर गिऱ्हाईक घाबरेल आणि शेजारच्या बंगल्यात जाईल. दुसरे, पुलाशेजारी "स्वतःच्या जबाबदारीवर पोहावे" असा फलक लावला आहे, आता आपले काम संपले. तिसरे, बुकिंग दलालामार्फत होते, गिऱ्हाइकाशी आपली भेटच होत नाही.

पहिल्या कारणाला उत्तर व्यवहारातूनच मिळते. लहान मुले घेऊन येणारा बाप विचारपूस करणाऱ्या मालकाकडे पाठ फिरवत नाही. उलट, ज्याने "मुले किती आहेत, कुंपणाची कडी मुद्दाम नवी बसवली आहे" असे सांगितले, त्याचा बंगला तो चार नातेवाइकांना सुचवतो. आणि ज्याला आपले बोलणे कटकट वाटते, जो म्हणतो "रात्री बारालाही पूल उघडा हवा, नियम सांगू नका", त्याचे बुकिंग हातून गेले तर तो तोटा नव्हे, ते संकट टळले असे समजावे.

दुसऱ्या कारणाविषयी अनेकांचा मोठा गैरसमज आहे. फलक लावल्याने कायद्याची जबाबदारी पुसली जात नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम १०८ मध्ये भाडेपट्ट्याविषयी स्पष्ट तरतूद आहे. जागेत वापराच्या दृष्टीने असा महत्त्वाचा दोष असेल, जो मालकाला माहीत आहे पण भाडेकरूला माहीत नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्याच्या लक्षात येणार नाही, तर तो सांगणे मालकावर बंधनकारक आहे. पुलाच्या बाबतीत असे दोष कोणते? तीन फुटांवरून एकदम सहा फुटांवर जाणारा उतार, तळाच्या जाळीचा सैल झालेला स्क्रू, पाण्यातल्या दिव्याची खराब वायर, शेवाळलेली पायरी. यांतले काहीही पाहुण्याला वरून दिसत नाही, मालकाला मात्र ठाऊक असते.

शिवाय १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. तिच्या कलम १०६ प्रमाणे निष्काळजीपणाने कोणाचा मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या दंड संहितेच्या कलम ३०४-अ मध्ये ही मर्यादा दोन वर्षांची होती. प्रत्येक अपघातात मालक दोषी ठरतोच असे नाही, ते न्यायालय ठरवील. पण "आपण काय काळजी घेतली आणि काय सांगितले?" हा प्रश्न पोलीस चौकीत पहिल्याच दिवशी विचारला जाईल. तेव्हा भिंतीवरच्या फलकापेक्षा प्रत्यक्ष केलेली दुरुस्ती आणि सही घेतलेला कागद यांना जास्त किंमत असेल.

तिसरे कारण तर कारणच नव्हे. भाडे आपल्या खात्यात येते, दलालाच्या खात्यात फक्त दलाली जाते. गिऱ्हाइकाचा फोन नंबर मागून घेणे आणि स्वतः पाच मिनिटे बोलणे कोणालाही अशक्य नाही.

धान्याच्या ढिगातील ओल

हलाल कमाई म्हणजे केवळ व्याज आणि दारूपासून दूर राहणे, एवढाच अर्थ आपण घेतला तर तो अपुरा आहे. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला आणि आत ओल आढळल्यावर व्यापाऱ्याला जाब विचारला, ही हदीस आपल्यापैकी प्रत्येक व्यापाऱ्याने ऐकलेली आहे. ओले धान्य वर का ठेवले नाहीस, म्हणजे लोकांना दिसले असते, असा तो सवाल होता. घर भाड्याने देणे हाही व्यापारच आहे. तिथे धान्याऐवजी राहण्याची सोय विकली जाते. फोटोत निळेशार पाणी दाखवायचे आणि खोल उतार झाकून ठेवायचा, ही ओल खाली दडवण्याचीच गोष्ट झाली.

रस्त्यातील त्रासदायक वस्तू दूर करणे हा ईमानचा भाग आहे असे आपण मुलांना शिकवतो. सार्वजनिक रस्त्यात विहीर खणली आणि त्यात कोणी पडून मेला तर खणणाऱ्यावर भरपाईची जबाबदारी येते, असे फिक्हच्या जुन्या ग्रंथांत सांगितले आहे. कोणी म्हणेल, आमचा पूल तर आमच्या खासगी जमिनीत आहे. बरोबर आहे. पण तिथे येणारा माणूस कुंपण ओलांडून चोरीने आलेला नाही. आपण त्याला बोलावले, त्याच्याकडून मोबदला घेतला आणि "हे सर्व दोन दिवस तुमचे" असे सांगितले. फिक्हचा नेमका हुकूम काय, तो उलेमांना विचारावा. माणुसकीचा हुकूम तर कोणालाही कळण्याजोगा आहे. एक जीव वाचवणे म्हणजे जणू सर्व मानवजातीला वाचवणे, ही कुरआनची शिकवण आपण व्यासपीठावरून नेहमी सांगतो. तिचा अंमल व्यासपीठापेक्षा आपल्या बंगल्याच्या अंगणात करण्याची संधी जास्त आहे.

पडद्याचा प्रश्न आणि राखणदार

येथे एक मुद्दा आपल्याच समाजापुरता आहे आणि त्यावर कोणी उघड बोलत नाही. आपली अनेक कुटुंबे खासगी पूल असलेला बंगला मुद्दाम घेतात, कारण तिथे आयाबहिणींना परक्या पुरुषांच्या नजरेशिवाय पाण्यात उतरता येते. सार्वजनिक तलावावर ही सोय नसते. इच्छा रास्त आहे आणि तिचा मान राखलाच पाहिजे. पण परिणाम असा होतो की बायका आणि मुले पाण्यात उतरण्याआधी बंगल्याच्या राखणदाराला बाहेर पाठवले जाते, घरचे पुरुषही बाजूला होतात. म्हणजे ज्या वेळी पाण्यात सर्वांत जास्त लहान मुले असतात, नेमक्या त्याच वेळी मदतीला धावणारा माणूस लांब असतो. आपल्या बहुतेक बहिणींना पोहता येत नाही, कारण त्यांना कोणी शिकवलेच नाही. त्यात सलवार, ओढणी, पूर्ण बाह्यांचे कपडे भिजले की जड होतात आणि हालचाल मंदावते. सैल कपडा किंवा लांब केस तळाच्या जाळीत ओढले जाण्याचा धोका वेगळाच.

यावर पडदा सोडा असे सांगणे हा उपाय नव्हे. उपाय घरमालकाने बोलून काढायचा आहे. राखणदाराची पत्नी किंवा गावातील एखादी बहीण पोहण्यात आणि प्रथमोपचारात तयार करून तिला त्या तासांपुरते कामावर ठेवता येते. भाड्यात थोडी वाढ झाली तरी पाहुणे खुशीने देतील. ती सोय नसेल तर पाहुण्यांना स्पष्ट सांगावे की बायका-मुलांच्या वेळेत पाणी तीन फुटांच्या भागापुरतेच वापरा, खोल भागाच्या आधी दोर बांधलेला आहे, आणि एक बाई पाण्याबाहेर खुर्ची टाकून फक्त लक्ष ठेवायला बसू द्या. तिच्या हातात मोबाइल नको, कडेवर दुसरे मूल नको. दर पंधरा-वीस मिनिटांनी पाळी बदलावी.

बोलायचे कधी, कसे?

पहिले बोलणे बुकिंगच्या वेळी, पैसे घेण्याआधी. "भाईसाहेब, आपल्याबरोबर लहान मुले किती आहेत? पाच वर्षांखालची किती? आपल्यापैकी पोहता कोणाकोणाला येते?" हे तीन प्रश्न पुरेत. उत्तर "कोणालाच येत नाही" असे आले तर पाणी कमी करून ठेवता येते किंवा पूल झाकून ठेवता येतो. पैसे हातात पडल्यावर घातलेली अट भांडण वाढवते, आधी सांगितलेली अट व्यवहाराचा भाग होते.

दुसरे बोलणे किल्ली देताना, पुलाच्या काठावर, घरातील सर्व मोठ्या माणसांसमोर. फक्त कुटुंबप्रमुखाला कोपऱ्यात घेऊन सांगणे उपयोगाचे नाही, कारण मुलांबरोबर थांबणार असतात त्या आई, आजी, फुफी, खाला. त्यांनाही कळेल अशा भाषेत, मराठी, उर्दू, हिंदी, जी त्यांची असेल त्या भाषेत सांगावे. हात करून दाखवावे: इथपर्यंत तीन फूट, या रेषेपासून उतार, तिथे सहा फूट. उथळ बाजूने सूर मारू नये, मान मोडते. फाटकाची कडी कशी लागते ते दाखवून त्यांच्याच हाताने एकदा लावून घ्यावी. पंपाचे बटन कुठे, दोर बांधलेली ट्यूब कुठे, लांब बांबू कुठे, ते दाखवावे. पूल किती वाजता बंद होतो ते सांगावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आणि बंगल्याचा पूर्ण पत्ता भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला असावा. घाबरलेल्या पाहुण्याला त्या क्षणी पत्ता आठवत नाही.

या वेळी एक गोष्ट आवर्जून सांगावी. बुडणारे मूल बहुतेक वेळा ओरडत नाही. हातपाय आपटत नाही, हाक मारत नाही. एक-दोन मिनिटांत शांतपणे पाण्याखाली जाते. "आवाज आला की बघू" म्हणून आत बिर्याणी वाढत बसणाऱ्यांना हे माहीत नसते. म्हणून मूल दिसेनासे झाले की आधी पुलात पाहावे, मग खोल्यांत. पाण्यातून काढलेल्या मुलाला उलटे टांगणे, पोट दाबून पाणी काढणे या जुन्या पद्धती घातक आहेत. श्वास बंद असेल तर तोंडाने श्वास देणे आणि छाती दाबणे लगेच सुरू करावे लागते. हे मालक आणि राखणदार दोघांनीही प्रशिक्षित व्यक्तीकडून शिकून घ्यावे.

तिसरे बोलणे कागदावर. व्यवहार लिहून ठेवा, ही कुरआनची शिकवण आहे. कायदाही तेच सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणे आवश्यक आहे, आणि तसा नसेल तर अटींविषयी वाद झाल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. वर्षभराच्या करारात पुलाविषयी स्वतंत्र कलम घालावे. पाणी कोण शुद्ध करणार, पंप बिघडला तर कोणी किती तासांत कळवायचे, दुरुस्तीचा खर्च कोणाचा, कुंपण काढायचे नाही, भाडेकरूचे पाहुणे आल्यास नियम त्यांनाही लागू. दोन दिवसांच्या पाहुण्यांसाठी एका पानाचा साधा कागद पुरे. तो वाचून दाखवावा आणि मगच सही घ्यावी.

बोलण्याआधी घर नीट हवे

एवढे मात्र खरे की पुलाला कुंपण नसेल, कडी तुटलेली असेल तर या सर्व बोलण्याला अर्थ नाही. स्वतःचा हिस्सा पुरा न करता दुसऱ्याला उपदेश करणे शोभत नाही.

जगाने या बाबतीत मोठी किंमत देऊन धडे घेतले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मरण पावली आणि त्यांतील जवळजवळ एक चतुर्थांश मुले पाच वर्षांखालची होती. फ्रान्सने जानेवारी २००३ मध्ये खासगी पुलांसाठी कायदा केला. कुंपण, झाकण, गजर किंवा बंदिस्त छत यांपैकी एक व्यवस्था सक्तीची केली. जुन्या पुलांमध्ये भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांना मे २००४ ची मुदत मिळाली, इतरांना जानेवारी २००६ पर्यंत. म्हणजे भाड्याच्या घरांचा नंबर आधी लागला. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात एप्रिल २०१६ पासून पूल असलेले घर भाड्याने देताना सुरक्षिततेचा दाखला जोडावा लागतो. अमेरिकेत २००२ साली माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात तळाच्या जाळीच्या ओढीत अडकून मरण पावली. त्यानंतर २००७ साली तिच्या नावाने जाळ्यांविषयी कायदा झाला. आपल्याकडे कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही.

कामे मोठी नाहीत. चारही बाजूंनी किमान चार फूट उंच कुंपण. दोन गजांमध्ये चार इंचांपेक्षा कमी अंतर. चढायला पाय ठेवता येईल अशी आडवी पट्टी नको, जवळ खुर्ची किंवा कुंडी नको. फाटक पुलाच्या उलट दिशेने उघडणारे, आपोआप मिटणारे आणि कडी मुलांच्या हाताला न येणारी. तळाची जाळी घुमटाकार आणि घट्ट, तुटली असेल तर पूल बंद. विजेच्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. वरून तळाची जाळी स्पष्ट दिसेल इतके स्वच्छ पाणी, कारण गढूळ पाण्यात बुडालेले मूल दिसत नाही. पावसाळ्यात हे विशेष पाहावे. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड वेगवेगळ्या कुलपात ठेवावे. दोन्ही एकत्र झाल्यास विषारी क्लोरिन वायू होतो.

हे काम करणारे हात आपल्याच समाजात आहेत. कुर्ला, मुंब्रा, पुण्यातले आपले फॅब्रिकेटर, वेल्डर, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, लादी बसवणारे कारागीर यांनी पुलाच्या सुरक्षेचे काम पक्के शिकून घेतले तर त्यांना एक नवे काम मिळेल. घरमालकाला एकाच ठिकाणी मापाप्रमाणे कुंपण, स्प्रिंगचे फाटक आणि जाळी मिळाली तर तो का नाही म्हणेल? कारागिराने मात्र गिऱ्हाइकाला स्वस्तात हवे म्हणून गजांतले अंतर सहा इंच करू नये. तिथे त्याचीही अमानत लागते.

भाडेकरूने काय करावे?

जबाबदारी एकट्या मालकाची नाही. भाडेकरूने बुकिंगच्या वेळी कुंपणाचा फोटो मागावा. पोहोचल्यावर सामान उतरवण्याआधी पूल पाहावा. फाटक उघडे राहावे म्हणून त्याला वीट लावून ठेवणारा पाहुणा स्वतःच्याच मुलांशी वैर करतो. दोष दिसला तर तक्रार लाजेखातर दाबू नये आणि मालकानेही ती अपमान समजू नये. त्याच दिवशी दुरुस्ती, नाहीतर दुरुस्तीपर्यंत पूल बंद आणि भाड्यात सूट, असा साधा नियम दोघांनी आधीच ठरवावा.

ज्यांच्याकडे बंगला नाही, पूल नाही, त्यांनी हा लेख दुसऱ्यांसाठी आहे असे समजू नये. चाळीतली जमिनीखालची पाण्याची टाकी, रंगाई-धुलाईच्या कारखान्यातले हौद, शेतातली कठडा नसलेली विहीर, गाळा भाड्याने देताना मागे राहिलेला खड्डा, या सगळ्यांना हीच गोष्ट लागू आहे. टाकीचे झाकण कुलूपबंद आहे का, आणि ते भाडेकरूला सांगितले आहे का, हे आजच संध्याकाळी जाऊन पाहता येईल. शक्य असेल तिथे आपल्या मुलामुलींना पोहायलाही शिकवावे, मुलींना महिलांच्या वेळेत.

शालेय सुट्ट्या आणि ईदच्या दिवसांत बंगले भरतात. पुढचे बुकिंग येण्याआधी प्रत्येक घरमालकाने आपल्या पुलाभोवती एक फेरी मारावी, कडी ओढून पाहावी आणि फोनवर विचारायचे ते तीन प्रश्न कागदावर लिहून ठेवावेत. अल्लाह आपल्या कमाईत बरकत देवो आणि आपल्या दारात आलेल्या प्रत्येक मुलाला सुखरूप घरी पोहोचवो. आमीन.